रवळूविरुद्ध सात मिनिटं

६ जानेवारी

"कुजबुजायचंसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, निदान हळू?

"सर, कुजबुजणं बोलण्यापेक्षा वाईट. ऑपरेशननंतर चौदा दिवस मातु बेडा." बेळगावातल्या त्या दवाखान्यात मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. मला दोन्ही भाषांत एकच गोष्ट सांगितली गेली: गप्प बसा.

शनिवारी सावित्रीबाईंच्या जयंतीला निपाणीत बोलत होतो. एकतीस वर्षं व्याख्यानं देतोय. चौदा एप्रिलला एका दिवसात चार गावं केली आहेत. वीज गेली, माइक गेला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलो आहे. त्या दिवशी 'शिक्षण' हा शब्द उच्चारायला गेलो आणि तोंडातून नुसती हवा आली. लोकांना वाटलं, सरांना भरून आलं. टाळ्या पडल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला.

स्वरतंतूवर गाठ आहे. आठ तारखेला काढतील आणि तपासायला पाठवतील. गाठ कसली ते त्यानंतर कळेल आणि आवाज परत येईल का, आला तर कसा, तेही त्यानंतरच. विशाखा, माझी बायको, चिकोडीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. एरवी डॉक्टरांना दहा प्रश्न विचारते. आज एकही विचारला नाही. मला त्याचीच भीती वाटली.

उपासना, आमची लेक, बेळगावात कायदा शिकते. परीक्षा संपवून घरी आली आहे. तिनं ही वही दिली. "बाबा, बोलावंसं वाटेल ते सगळं यात." म्हटलं, दोनशे पानं पुरणार नाहीत. ती म्हणाली, "ठाऊक आहे. दुसरी आणून ठेवलीय."

पण पंचवीस तारखेच्या वादविवादाचं काय?

७ जानेवारी

आज बोलण्याचा शेवटचा दिवस, म्हणून सकाळीच आमच्या चाहत्यांच्या गटावर सहा मिनिटांचा आवाजी निरोप टाकला. विशाखा म्हणाली, "उद्या ऑपरेशन आणि आज हे? त्या रवळूसाठी?"

रवळूसाठी नाही. तत्त्वासाठी.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. (ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार? पण लिहायला बसलो की समोर सभा दिसते, त्याला इलाज नाही.)

सत्त्याण्णव साली निपाणीतल्या एका रिकाम्या तंबाखूच्या वखारीत चार तरुणांनी रॉक बँड सुरू केला, मराठीत. नावही 'वखार'. बेळगाव, खानापूर, गडहिंग्लज, कोल्हापूर, नऊ वर्षं गाजवली. वखारीत राबणाऱ्या बायांवर गाणी, कोरड्या नळांवर गाणी. दोन गाण्यांच्या मधलं निवेदन माझं. मी बँडमध्ये नव्हतो, पहिला चाहता होतो. पण माझ्या निवेदनाशिवाय एक कार्यक्रम झाला नाही. गिटारवर रवळू, लोंढ्याचा, वडील रेल्वेत. बोटं सोन्याची, हे मी विरोधक असून मान्य करतो. शिस्त मात्र नव्हती. मी बोलायला उभा राहिलो की हा गडी स्टुलावर बसून, गिटारचा आवाज बंद ठेवून, तारांवर बोटं फिरवत राहायचा. प्रत्येक कार्यक्रमात! मी लोकांना रडवतोय आणि याचं लक्ष आपल्या तारांत.

२००६च्या डिसेंबरात निपाणीत कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी यानं निरोप धाडला, मी थांबतो. कारण काही नाही. महिन्याभरात बँड मोडला. पुढं काही वर्षांनी शामूकरवी त्या शेवटच्या कार्यक्रमातल्या माझ्या निवेदनाची कॅसेट मागून नेली. शामू आमच्या चाहत्यांच्या गटाचा प्रमुख, स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. कॅसेटची एकच प्रत होती. अजून परत आलेली नाही.

आणि गेल्या दिवाळीत याचा एकट्याचा अल्बम आला. 'लोंढा'. सहा तुकडे, शब्द एक नाही. तुकड्यांना नावंसुद्धा नाहीत, फलाटांना असतात तसे नुसते आकडे.

गटात उभी फूट पडली. शेवटी ठरलं, यंदाच्या मेळाव्यात रीतसर वादविवाद घ्यायचा. ठराव: 'रवळूनं शब्द सोडून एकट्यानं वाजवणं ही वखारीशी गद्दारी आहे.' ठरावाच्या बाजूनं मी. विरोधात नीलम, खानापूरकडची, बेळगावात बँकेत अधिकारी. सात सात मिनिटं, मग हात वर करून मतदान. एकदा घेतलेली बाजू सोडायची नाही, हा गटाचा जुना नियम. मीच केलेला.

माझा मुद्दा साधा आहे. ज्या मुलुखात दुकानाच्या पाटीवर अक्षर कुठल्या लिपीतलं यावरून दगड उचलले जातात, तिथं कलावंतानं शब्दच टाकून द्यायचे, याला मी शहाणपण म्हणत नाही. पळ काढणं म्हणतो.

आवाज वेळेत आला तर मी बोलेन. नाहीतर माझं लिखाण उपासना वाचेल. ती तयार आहे, पण अट घालते.

"आधी सगळा अल्बम तुम्ही ऐकायचा."

मी ऐकलाय. चाळीस सेकंद, शामूच्या मोबाइलवर, स्टँडवर उभं राहून. तेवढं पुरे.

९ जानेवारी

गाठ निघाली. काल दिवसभर गुंगी होती. जाग आली तेव्हा विशाखा माझा जबडा धरून बसली होती. झोपेत बोललो तर? रात्रभर तशी बसली होती म्हणे.

पाटीवर लिहून तिचे आभार मानले. तिनं वाचलं, पुसलं आणि म्हणाली, "झोपा."

११ जानेवारी

घरी आलो. तिखट बंद, चहा बंद, खाकरणंसुद्धा बंद. निपाणीच्या माणसानं बिनतिखटाचं जेवायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळेल.

संध्याकाळी विशाखा जवळ बसली. "एक सांगू? लग्नाला बावीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत गेलं."

हसायलाही मनाई आहे. मग तिनं तासभर चिकोडीच्या दवाखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. नर्सिंगच्या परीक्षेत ती जिल्ह्यात दुसरी आली होती, हे मला नवीन होतं. की तिनं पूर्वी सांगितलं होतं?

१२ जानेवारी

आईच्या कानांचं काहीतरी करायला हवं.

आई, बायडाबाई, एकोणऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पानं निवडली, त्या धुळीनं नाक गेलं, आता बहुधा कान. दुपारी मी कॉटवर पुस्तक घेऊन पडलो होतो. उपासना मधल्या खोलीत मोबाइलवर काहीतरी वाजवत होती, गिटारच होतं, मला डिवचायला. मी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात आई परड्यातून तरातरा आली.

"धर्मा! डॉक्टरनं गप ऱ्हा म्हनलंय न्हवं? काय लावलंयस भाषान?"

मी पुस्तक ठेवून दोन्ही हात वर केले. मिटलेले ओठ बोटानं दाखवले.

"मग कोन बोलाय लागलंय? मी काय भैरी हाय?"

उपासनानं मोबाइल बंद केला. तिचा चेहरा एकदम वेगळाच झाला होता. "आज्जी, परत एकदा ऐकतीस?"

"काय ऐकू? एकदा सुरू झाला की थांबतोय व्हय ह्यो?" असं पुटपुटत आई परत गेली.

मी पाटीवर लिहिलं: आजीचे कान तपासायचे, बावीसला माझ्याबरोबरच नेऊ. उपासनानं वाचलं, माझ्याकडं बघत राहिली. आजीवर फार जीव तिचा. लागलं असणार मनाला.

१४ जानेवारी

आम्ही संक्रांत करत नाही, पण गल्लीतल्या बायका तिळगूळ घेऊन येतात. आज प्रत्येकीची पंचाईत झाली. "तिळगूळ घ्या" इथवर ठीक, पुढं काय म्हणायचं? एकीनं धीर करून म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड लिहा."

दुपारी नीलम आली. बेळगावहून, खास. बाटली पुढं ठेवली. "खानापूरच्या जंगलातला मध हाय अण्णा, बाजारातला न्हवं. रोज एक चमचा."

मी लिहिलं: शत्रूला मध?

"तुमचा आवाज गेला तर मी हरवू कुणाला? शामूला?"

अशी माणसं भेटायला नशीब लागतं. पण लगेच हल्ला चढवला तिनं. "खरं सांगा, ऐकलासा का अल्बम?"

मी मान हलवली. तिरकी. तिला कळलं.

"काय म्हणायचं तुम्हाला! आमच्या बँकेत मॅनेजर हुक्केरीचे, कानडी. दुपारी डबा खाताना आम्ही दोघं हेच लावतो. ते म्हणतात, ही आमच्या गावाकडची चाल. मी म्हणते, आमच्या. भांडण न्हाय, काय न्हाय, डबा संपतोय. तुमचं निवेदन लावलं असतं तर डबा अर्धाच राहिला असता!"

मी लिहायला घेतलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, उत्तर मेळाव्यात द्या. फकस्त चौथं ऐका. बाकीची ऱ्हाऊ द्यात."

ती गेल्यावर विचार केला. विरोधी पक्ष स्वतः पुढं करतो तो पुरावा म्हणजे सापळा. मी नाही ऐकणार.

मध मात्र उत्तम आहे.

१५ जानेवारी

नीलमनं गटावर जुनी नोंद टाकली: 'खानापूर, २००३. निवेदन एकवीस मिनिटं, त्यानंतरचं गाणं चार मिनिटं.' खाली तेहतीस जणांची हसरी तोंडं.

एकवीस मिनिटं लोक उठले नाहीत, हे कुणी लिहीत नाही. रवळूनं तेव्हा गाण्याची सुरुवात दोनदा वाजवली होती आणि मी दोन्ही वेळा हातानं थांबवलं होतं. मुद्दा पूर्ण व्हायचा होता.

१७ जानेवारी

रिपोर्ट आला. साधी गाठ. वाईट काही नाही.

विशाखानं फोन ठेवला आणि उंबऱ्यावरच बसली. उपासना तिच्या गळ्यात पडली. मला ओरडायचं होतं, गल्लीभर ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. आईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. "माझ्या लेकराचं तोंड ऱ्हायलं," म्हणाली.

गच्चीवर जाऊन उभा राहिलो. किती जणांचे आभार मानायचे आहेत! त्या डॉक्टरांचे. तपासणीच्या खोलीत माझी चप्पल हातात धरून उभ्या राहिलेल्या मावशीचे, त्यांचं नावही विचारलं नाही मी. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पेपर आणून देणाऱ्या शामूचे. माझे तास घेणाऱ्या सहकाऱ्यांचे. मौन पाळणाऱ्यांबद्दल आजवर भाषणं केली, त्यांना काय काय ऐकू येत असेल याचा विचार केला नव्हता. आज गच्चीवरून हायवेच्या गाड्या, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या आणि खाली आई विशाखाला सांगत होती ते, सगळं ऐकलं. आई सांगत होती, माझ्या जन्माच्या आदल्या दिवशीही ती कामावर गेली होती.

२० जानेवारी

भाषण लिहून झालं. सोळा पानं. रवळूला शब्दचोर म्हटलंय, नंतर खोडून 'शब्दभ्रष्ट' केलं. शेवट असा आहे: 'ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही, तो तारा छेडतो.' हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.

उपासनाला वाचायला दिलं. तिनं उभं राहून वाचलं, आवाज छान लागतो तिचा. तिसऱ्या पानावर थांबली.

"बाबा, मला हे नाही वाचता येणार."

मी लिहिलं: अक्षर लागत नाही?

"लागतंय." तिनं पानं टेबलावर ठेवली. "तुम्ही ऐकलेलं नाही. वकिलानं कागद न बघता युक्तिवाद करायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

मीच. ही मुलं आपलंच आपल्याविरुद्ध वापरतात. राग आला, पण पाटीवर राग लिहिता येत नाही. अक्षर मोठं काढलं तरी ते अक्षरच दिसतं.

२२ जानेवारी

आजचं सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी बेळगाव. डॉक्टरांनी नळीतून पाहिलं, म्हणाले, जखम भरली. "ई म्हणा."

मी म्हटलं. चौदा दिवसांनी. बारीक, फाटका, दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज बाहेर आला.

"एवढाच?" हा माझा पहिला शब्द.

"सुधारेल. पण पूर्वीचा मैदानी आवाज विसरा, सर. यापुढं माइक जवळ धरा, हळू बोला. सध्या दिवसाला पाच मिनिटं, एक सेकंद जास्त नाही."

विशाखानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत होतो. एकतीस वर्षं ज्याच्या जोरावर उभा होतो ते गेलं, आणि दवाखान्याच्या आवारात कुणीतरी शांतपणे पेरू विकत होतं.

मग आईची तपासणी. काचेच्या खोलीत बसवून कानांना यंत्र लावलं. वीस मिनिटांनी ती कान तपासणारी ताई बाहेर आली. "आजींना वयाच्या मानानं फार छान ऐकू येतं. घरात आणखी कुणाचे तपासायचेत का?"

येताना गाडीत आई रागावून बसली होती. "मी सांगतच हुतो. मला ऐकू आलं ते आलं. हाच बोलत हुता त्या दिशी."

हत्तरगीचा टोलनाका जाईपर्यंत माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मग शिरलं. घरी पोचल्या पोचल्या उपासनाला विचारलं, आजच्या पाच मिनिटांतले सहा शब्द खर्चून: "त्या दिवशी तू काय लावलं होतंस?"

"चौथं," ती म्हणाली. आणि मोठ्या स्पीकरला जोडलं.

आई खाली बसली, पाय पसरून. मी उभाच.

आधी काही नाही. मग जाड तारेवर खालचे तीन सूर, चालत आल्यासारखे. थांबा. पुन्हा तेच तीन, जरा वर. मग एक लांब ओळ, वळत वळत उतरणारी. मी ऐकत होतो, चांगलं वाजवतो गडी, असं मनात आलं, एवढंच. आणि शेजारून आई बोलायला लागली. गिटारच्या बरोबर. एक सूर, एक शब्द.

"माझी आई... घरी यायची... तवा आदी तिची शिंक यायची. मग ती यायची."

ही माझी वाक्यं होती.

"तिच्या लुगड्याला वास तंबाखूचा. त्या वासावर मी शिकलो. त्या वासावर मोठा झालो." गिटार एकेक पायरी वर चढत होतं आणि आई बोट उचलून मला दाखवत होती, "आता थांबतोस बघ."

गिटार थांबलं. तारेवर नख घासल्याचा बारीक आवाज आला.

"हे तुमचं खाकरणं," उपासना हळूच म्हणाली.

"आनि तुमी मला इचारतासा," आई सुरांबरोबर पुढं म्हणाली, "मी येवढ्या मोठ्यानं का बोलतो? वखारीत तिला बोलायची बंदी हुती, म्हनून."

२००६चं निवेदन. पहिल्या रांगेत आई बसली होती. तिनं एकदाच ऐकलं होतं आणि एकोणीस वर्षं जपून ठेवलं होतं. आणि त्यानंही. माझा चढ, माझा उतार, माझा दम घेणं, टाळ्यांसाठी थांबणं, सगळं त्या तारांत होतं. आवाज बंद ठेवून तो स्टुलावर काय करत बसायचा, ते मला कळलं. नऊ वर्षं तो माझं बोलणं शोधत होता. मी त्याला बेशिस्त म्हणत होतो.

"गटात कुणाकुणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मला आज्जीमुळं कळलं. नीलमआत्याला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं होतं. बहुतेक सगळ्यांनाच, बाबा."

सकाळी डॉक्टरांनी जो आवाज विसरायला सांगितला, तो खोलीभर वाजत होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "चांगला बोललायस," म्हणाली. ते मला होतं की रवळूला, विचारलं नाही.

२३ जानेवारी

सहाच्या सहा ऐकले. दोनदा. दुसऱ्यात लोंढ्याला गाडी थांबते तेव्हाचा चहावाला आहे, असं मला वाटतं. उपासना म्हणते, पाऊस आहे. तासभर वाद घातला, मी पाटीवर.

आज बोललो नाही. पाच मिनिटं साठवून पंचवीसला दहा वापरू म्हटलं. विशाखा म्हणाली, "ते तसं साठत नसतं."

२५ जानेवारी

जुन्या वखारीचं आता मंगल कार्यालय झालंय. बेचाळीस माणसं आली. शामूच्या हातात घड्याळ, पहिल्या रांगेत विशाखाच्या हातात दुसरं. रवळू येणार नाही असं ऐकलं होतं, पण मागं, चपला काढतात तिथं, खांबाला टेकून उभा होता. केस पिकलेत. नजर मिळाली तशी त्यानं खाली घातली.

बाजू सोडता येत नाही. माझाच नियम. माइक ओठांशी धरला.

"मी ठरावाच्या बाजूनं उभा आहे," मी म्हटलं. तो बारीक आवाज ऐकून मागचे चारजण पुढं येऊन बसले. "गद्दारी झाली होती. रवळू गाण्याची सुरुवात वाजवत होता आणि कुणीतरी हात करून त्याला थांबवत होतं. एकदा नाही, नऊ वर्षं. ज्याला त्याचं ऐकायचं होतं त्या प्रत्येकाशी ती गद्दारी होती. ठराव बरोबर आहे. त्यात नाव चुकलं आहे. तिथं माझं घाला. आणि एक राहिलं. माझा आवाज गेला. तीन दिवसांपूर्वी कळलं, तो जाण्याआधीच एका माणसानं ठेवून घेतला होता. ज्याच्याशी मी एकोणीस वर्षं बोललो नाही, त्यानं. मी त्याचा ऋणी आहे."

तीन मिनिटं झाली. बसलो.

नीलम तडतडत उठली. "अध्यक्ष, ह्यांनी माझीच बाजू खाल्ली की! आता मी सात मिनिटं काय बोलू? आणि ठरावातलं नाव असं मधेच बदलता येत न्हाय!"

"मग वाजव की तूच!" कुणीतरी ओरडलं. तिलाच हसू फुटलं. डोळे पुसून म्हणाली, "मी माझा वेळ अण्णांच्या घशाला देते." आणि बसली.

मतदान झालं. ठरावाच्या विरोधात चाळीस हात. मी कुठंच वर केला नाही. शामूनं विचारलं, "ठरावाच्या बाजूनं?"

मागं, चपलांपाशी, एकच हात वर गेला. रवळूचा.

"काय रं हे?" शामू म्हणाला.

"कॅसेट परत दिली न्हाय मी," रवळू म्हणाला. "विचारलं न्हाय, सांगितलं न्हाय. गद्दारीच की." आणि खिशातून ती काढली, रुमालात गुंडाळलेली.

सगळे हसत असताना मी त्याच्याजवळ गेलो. एक प्रश्न विचारला, जो एकोणीस वर्षांपूर्वी विचारायचा होता. "का थांबलास तेव्हा?"

"त्या दिवशी तुमचं बोलणं झालं आणि मला वाजवायचं हुतं. बोटंच उठली न्हाईत, अण्णा. म्हटलं, आधी हे वाजवता याय पायजे. मग बाकीचं." रुमालाची घडी करत म्हणाला, "लई येळ लागला."

"नाव का नाही दिलंस त्याला?"

"नाव दिलं असतं तर लोक गिटार सोडून तुम्हालाच ऐकत बसले असते. पुन्यांदा!"

मग तो तासभर बोलला. लोंढ्याचं, वडिलांचं, मधल्या वर्षांत लग्नाच्या वरातींत वाजवल्याचं. मी ऐकलं. मध्ये एकदाही हात केला नाही.

दिवे लागायच्या वेळेला घरी आलो. आई गुडघ्यांमुळं आली नव्हती, उपासना तिच्याजवळ थांबली होती. दारातून मी म्हटलं, "आई, जेवलीस?"

आतून आवाज आला, "कोन आलंय गं उपासना?"

मी पुढं जाऊन उभा राहिलो. "मीच."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग शेजारची जागा हातानं झाडली. "हितं बस. लांबनं ऐकू यायचा न्हाई ह्यो आवाज. बोल, काय झालं तिथं?"

जेमतेम मिनिट उरलं होतं. "तू बोल," मी म्हटलं.

"मी काय बोलू?"

"वखारीतलं. बोलायची बंदी होती, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"बोलाय बंदी. गान्याला कुठं हुती?" आई म्हणाली. "माझ्या शेजारी बाळाबाई बसायची, उचगावची. ती सुरू करायची. सगळ्याजनी व्हट मिटून म्हनायचो. मुकादमाला कळायचं न्हाई कोन म्हनाय लागलंय. शब्द न्हाई, काय न्हाई. दीडशे बाया."

"कसं?"

आईनं पदर सावरला, डोळे मिटले, ओठ मिटले आणि ती चाल म्हणायला लागली. उपासना दाराशी येऊन थांबली, तिच्या मागं विशाखा. आईवर एकतीस वर्षं भाषणं केली मी, चार जिल्ह्यांत. ही चाल आज पहिल्यांदा ऐकली.